मोट, गमबूट आणि कोरडे पाय

'गमबूट' हा शब्द मराठीने इंग्रजीतून सबंध उचलला आणि वापरून वापरून आपलासा केला. त्यातला 'बूट' सर्वांना कळतो. 'गम'कडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा डिंक नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत रबराला 'गम इलॅस्टिक', म्हणजे ताणला जाणारा चीक, असे एक नाव होते. त्या चिकाचे बूट ते गमबूट. साहेबाच्या देशात ह्याच बुटाला एका सेनापतीचे नाव मिळाले, 'वेलिंग्टन'. आपल्याकडे तो गटारे उपसणाऱ्या, मासळीबाजारात बर्फाच्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या आणि बंब घेऊन धावणाऱ्या माणसांच्या पायांत दिसला, आणि त्याला वस्तूचेच नाव पुरले.

एरवी पादत्राणांच्या बाबतीत मराठी काही दरिद्री नाही. वहाण, पायताण, जोडा, खेटर, चढाव, खडावा असे शब्द आहेत आणि त्यांच्याभोवती वाक्प्रचारही पुष्कळ आहेत: जोडे मारणे, जोडे झिजवणे, कुणाचे जोडे उचलणे, खेटराने पूजा करणे. ह्या सगळ्यांत पादत्राण हे मानापमानाचे साधन आहे. पाय सतत ओला राहिला की काय होते ह्यासाठी भाषेने एक निराळा शब्द राखून ठेवला, 'चिखल्या', आणि तो पादत्राणांच्या कुळात न बसता रोगांच्या कुळात जाऊन बसला. ही विभागणी आम्हांला अर्थपूर्ण वाटते. कोरड्या पायांचा इतिहास हा नुसत्या बुटांचा इतिहास म्हणून लिहून भागत नाही. पाय कोणाचा, त्याची काळजी कोणाच्या अंगावर, आणि त्यासाठी दुसरा कोण भिजला, हेही विचारावे लागते. ते येथे विचारावे, आणि ओघात बुटाच्या निवडीविषयी व निगेविषयी जे शिकण्याजोगे आहे तेही सांगावे, असा आमचा बेत आहे.

वेलिंग्टनचा मूळ बूट रबराचा नव्हता. वॉटर्लूचा विजेता म्हणून ख्याती पावलेल्या ह्या ड्यूकने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील होबी नावाच्या कारागिराकडून तत्कालीन 'हेशियन' बुटात फेरफार करवून घेतले. पुढचा गोंडा गेला, बूट पोटरीला अधिक बेताचा बसू लागला, कातडे वासराचे, मऊ आणि मेण चोळलेले आले. घोड्यावर चालेल आणि संध्याकाळी मेजवानीलाही शोभेल असा तो बूट होता. १८१०-२०च्या दशकात तो ऐटबाज तरुणांत रूढ झाला. चिखल तुडविणाऱ्या शेतकऱ्याशी त्याचा तोवर काही संबंध नव्हता.

कातडे पाणी अडवते ते कसे, हे एकदा समजून घ्यायला हवे. कमावलेले कातडे म्हणजे तंतूंचे विणल्यासारखे गुंतलेले जाळे. ह्या तंतूंमध्ये तेल, चरबी वा मेण मुरलेले असेल तर पाणी आत शिरायला कचरते. ते ओसरले की कातडे पाणी पिते. युरोपात ह्यासाठी चरबी, तेल आणि मेण ह्यांचे 'डबिन' नावाचे मलम शतकानुशतके वापरात आहे. आपल्याकडे वहाणेला 'तेल पाजणे' म्हणतात, आणि हे क्रियापद अत्यंत नेमके आहे, कारण तेल वर राहून उपयोग नसतो, ते आत जावे लागते. भिजलेला कातडी बूट चुलीजवळ किंवा हीटरजवळ वाळवणे हा त्याचा वध होय. उष्णतेने तंतू आकसतात, कडक होतात आणि वाकण्याच्या जागी तडकतात. चिखल धुऊन, आतला तळ काढून, जुने वर्तमानपत्र कोंबून आणि ते ओले झाले की बदलून, सावलीत वाळवावा. किंचित ओल असतानाच तेल वा मलम बेताने चोळावे. फार चोळले तर कातडे लिबलिबीत होते आणि बुटाचा आकार जातो. एवढे केले तर कातड्यात एक गुण उरतो जो पुढच्या दोनशे वर्षांत बहुतेक पदार्थांना साधला नाही: बाहेरचे पाणी अडवीत असतानाच पायाच्या घामाला ते हळूहळू वाट देते.

महाराष्ट्रातल्या गावांना जलाभेद्य कातडे ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. विहिरीवरची मोट कातड्याची असे. पखालजीची पखाल कातड्याची, तेल ठेवायचा बुधला कातड्याचा. ढोर समाजातील कारागीर बाभळीची साल आणि हिरडा ह्यांत कातडे कमावीत, चर्मकार ते शिवीत. सोंडेची मोट दिवसभर विहिरीत बुडत-निघत राही आणि तिच्यातले पाणी थारोळ्यात पडेपर्यंत तिच्यातच राही. हे कौशल्य सामान्य नव्हे. शिवणीतून पाणी न गळणे ही आजच्या बूटकारखान्यांनाही छळणारी अडचण आहे. पण हे कौशल्य पाणी आत ठेवण्यासाठी वापरले गेले. भातखाचरात दिवसभर घोटाभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या बाईच्या पायांत पाणी येऊ नये म्हणून ते कोणी वापरले नाही. डोक्यावर इरले होते, पाठीवर घोंगडी होती, पाय अनवाणी होते. ह्याची कारणे एकेरी नाहीत, आणि त्यांच्याकडे आम्ही शेवटी येऊ. कारण ती समजण्यासाठी आधी रबराची वाट चालून जावी लागते.

ही वाट ॲमेझॉनच्या खोऱ्यातून निघते. तेथील आदिवासी झाडाचा चीक काढून, मातीच्या साच्यावर त्याचे थर देऊन, ते धुरावर धरून बाटल्या, चेंडू आणि पायांतले बूट करीत. १७३५ साली विषुववृत्ताजवळ पृथ्वीचा आकार मोजायला गेलेल्या फ्रेंच मंडळींपैकी ला कोंदामीन ह्याने ह्या पदार्थाचे नमुने पॅरिसला धाडले आणि एकसंध, शिवणीविना केलेल्या, पाणी न शिरणाऱ्या ह्या बुटांची हकीकत युरोपला सांगितली. म्हणजे आज ज्याला आपण पाश्चात्त्य शोध समजतो तो गमबूट, वस्तू म्हणून, ॲमेझॉनच्या रहिवाशांचा आहे. युरोपला ह्या चिकाचा पहिला उपयोग सुचला तो पेन्सिलीचे लिखाण खोडण्याचा. १७७०मध्ये जोसेफ प्रीस्टलीने त्याची नोंद केली, आणि 'घासण्याचा' म्हणून इंग्रजीत त्याला 'रबर' नाव पडले. पूर्ण नाव 'इंडिया रबर'. त्यातल्या 'इंडिया'चा आपल्याशी काही संबंध नाही. कोलंबसाची भौगोलिक गफलत भाषेत किती काळ टिकून राहते ह्याचा तो एक मासला आहे.

१८२०च्या दशकात ब्राझीलच्या पारा बंदरातून हे बूट बॉस्टनला येऊ लागले. ते बेढब होते, जाड होते, तरी न्यू इंग्लंडच्या बर्फाळ चिखलात लोकांनी ते हौसेने घेतले. पुढे तर बॉस्टनचे व्यापारी पायांच्या मापाचे लाकडी साचे पाऱ्याला पाठवू लागले. अमेरिकेत कारखाने निघाले आणि लगोलग बुडाले. कच्चे रबर थंडीत दगडासारखे होते आणि उन्हाळ्यात वितळते. मॅसेच्युसेट्समधील रॉक्सबरी येथील कंपनीचा माल उन्हाळ्यात वितळून, दुर्गंधीयुक्त गोळा होऊन परत आला. चार्ल्स गुडइयर नावाच्या कर्जबाजारी माणसाने ह्याच प्रश्नाचा ध्यास घेतला. १८३९मध्ये गंधक मिसळलेले रबर तापलेल्या शेगडीला लागले आणि ते वितळण्याऐवजी कातड्यासारखे चिवट झाले. १८४४ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅन्कॉकने त्याच सुमारास आपले पेटंट घेतले, आणि रोमन अग्निदेवाच्या नावावरून ह्या क्रियेला 'व्हल्कनायझेशन' म्हटले जाऊ लागले. गुडइयर १८६०मध्ये वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते. त्याच्या नावाची प्रख्यात टायर कंपनी त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी इतरांनी काढली.

त्याच्या पेटंटचा पायांसाठी उपयोग केला तो हायरम हचिन्सन ह्या अमेरिकनाने. १८५३मध्ये त्याने फ्रान्समध्ये मोंतार्जीजवळ कारखाना घातला. फ्रेंच शेतकरी तेव्हा लाकडी खडावांसारखे 'साबो' घालून शेतात जाई. त्याला गुडघ्यापर्यंतचा, आतून कोरडा राहणारा बूट मिळाला. १८५६मध्ये एडिंबरामध्ये हेन्री ली नॉरिस ह्या दुसऱ्या अमेरिकनाने नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी स्थापिली. वेलिंग्टनच्या कातडी बुटाचे नाव ह्या रबरी बुटाला चिकटले आणि ड्यूकचा बूट गवळ्याच्या पायांत आला. कोणत्याही सामाजिक इतिहासकाराला मोह पडावा अशी ही घटना आहे.

पण रबर झाडावरून काढावे लागते, आणि झाडापाशी कोणीतरी उभे असते. १८८८मध्ये डनलॉपने हवा भरलेले टायर आणले आणि रबराची मागणी एकाएकी भडकली. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड ह्याच्या खाजगी मालकीच्या काँगोमध्ये गावोगाव रबराचा कोटा ठरवून दिला गेला. तो न भरणाऱ्यांच्या बायका ओलीस धरल्या गेल्या, गावे जाळली गेली, हात तोडले गेले. ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट ह्याचा अहवाल १९०४मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९०८मध्ये लिओपोल्डला काँगो सोडावा लागला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जोसेफ कॉनरॅड काँगोत गेला तो १८९०मध्ये, आणि तेथे त्याची केसमेंटशी गाठ पडली होती. रबराचा कहर तोवर सुरू व्हायचा होता. 'हार्ट ऑफ डार्कनेस' १८९९मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तो ऐन भरात होता, पण कादंबरिकेत जो माल ओढला जातो तो हस्तिदंत. कुर्ट्झच्या हस्तिदंताला काँगोचे पूर्ण सत्य मानून वर्गात शिकवले जाते तेव्हा मधली नऊ वर्षे हरवतात.

केसमेंट पुढे १९१०मध्ये ॲमेझॉनच्या पुतुमायो खोऱ्यात गेला. ज्यांच्या पूर्वजांनी रबराचे बूट जगाला दाखविले त्यांच्यासारख्याच जमाती तेथे रबर गोळा करण्यासाठी चाबकाखाली मरत होत्या, आणि त्यांना राबविणारी कंपनी लंडनमध्ये नोंदलेली होती. कोलंबियन लेखक होसे एउस्तासियो रिवेरा ह्याची 'ला वोराहिने' (१९२४) ही कादंबरी ह्याच जंगलाची आहे. आपल्या अभ्यासक्रमांत ती कॉनरॅडशेजारी ठेवावी अशी आमची सूचना आहे. हे सर्व पाप बुटांच्या माथी मारता येणार नाही, मोठा वाटा टायरांचा होता. तरी बुटाचा वाटा शून्य नव्हता. दरम्यान हेन्री विकम ह्याने १८७६मध्ये ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या, त्यांची रोपे सिलोन आणि मलायात गेली, आणि विसाव्या शतकात जगाचे रबर तेथील मळ्यांतून, बव्हंशी तामिळ मजुरांच्या हातांनी, येऊ लागले.

आता आपण ह्या कथेच्या मध्यभागी येतो, आणि तो मध्यभाग पाण्याने भरलेला आहे. १९१४च्या हिवाळ्यात फ्लँडर्समध्ये ब्रिटिश सैन्य खंदकांत उतरले. तेथे जमीन सखल, पाणी थोडेच खाली; खणले की खंदक भरे. शिपाई घोटाभर, कधी मांडीभर गार चिखलात दिवसेंदिवस उभे राहत. पाणी गोठलेले नसे, म्हणून हा हिमदंश नव्हे. थंडीने पायातल्या रक्तवाहिन्या आकसत, ओल्याने कातडी फुगे, पाय बधिर होई, सुजे, निळा पडे; वेळीच काळजी घेतली नाही तर मांस सडे आणि पाय कापावा लागे. ह्याला 'ट्रेंच फुट' म्हणू लागले. पहिल्याच हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यात ह्याने सुमारे २० हजार माणसे कामातून गेली. संपूर्ण युद्धात, हिमदंश धरून, फ्रान्समधील इस्पितळांत अशा सुमारे ७५ हजार ब्रिटिश सैनिकांची नोंद आहे.

सैनिकाच्या पायात कातडी बूट होता, आणि त्यावर पोटरीला गुंडाळलेली लोकरी 'पटी'. हा शब्द आणि ही वस्तू इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचललेली, आपली 'पट्टी'. डोंगराळ, कोरड्या मुलखात ती उत्तम. फ्लँडर्सच्या पाण्यात ती भिजे, आवळे, आणि आधीच मंदावलेले रक्त आणखी अडवी. पहिल्या हिवाळ्यात लाहोर आणि मेरठ ह्या हिंदी डिव्हिजनही ह्याच आघाडीवर होत्या. त्यांतले कित्येक जण सुती गणवेशात मार्सेय बंदरात उतरले होते. मुल्कराज आनंद ह्यांच्या 'अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स'मुळे हे शिपाई इंग्रजी कादंबरीत आले. मराठी पलटणींच्या वाट्याला बहुतांशी मेसोपोटेमिया आला, पण तेथल्या हिवाळी पावसाचा चिखलही काही दयाळू नव्हता.

उपाय म्हणून रबर धावून आले. नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीने युद्धकाळात सैन्यासाठी अकरा लाखांहून अधिक जोड बनविले, त्यांत मांडीपर्यंतचे बूटही होते. आणि तरीही प्रश्न संपला नाही. रबर बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तसे आतले बाहेर जाऊ देत नाही. पायातून घाम सतत सुटतो. बंद रबरात तो मोज्यात साठतो, आणि काही तासांत पाय पुन्हा ओलाच. वरच्या काठावरून एकदा खंदकाचे पाणी आत गेले तर बूट म्हणजे पायात घातलेली बादली. शिवाय सर्वांना पुरतील इतके बूट नसत. आघाडीवरून मागे येणारी तुकडी तेच बूट पुढे जाणाऱ्या तुकडीच्या हवाली करी, आतल्या ओलीसकट.

फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टींनी. खंदकांत फळ्या टाकल्या गेल्या. तुकड्यांची अदलाबदल लवकर होऊ लागली. प्रत्येकाने जवळ कोरड्या मोज्यांचे जादा जोड बाळगायचे, रोज बूट-मोजे काढायचे, पाय पुसायचे, चोळायचे, व्हेलमाशाचे तेल लावायचे, असे नियम झाले. एका पलटणीला दिवसाला दहा गॅलन, म्हणजे सुमारे ४५ लिटर, असे तेल लागे. सैनिकांच्या जोड्या लावल्या गेल्या, आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचे पाय तपासायचे असे ठरले. तेल लावलेल्या हातांनी दुसऱ्याचे सुजलेले पाय चोळणारे हे शिपाई, त्यांतले काही एकमेकांना नावानेच ओळखणारे. महायुद्धाच्या वाङ्मयात रक्तपाताची वर्णने विपुल आहेत, त्या मानाने ह्या दृश्याकडे समीक्षकांचे लक्ष कमी गेले आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुकडीत ट्रेंच फुटचे रुग्ण वाढले तर त्याचा जाब अधिकाऱ्याला विचारला जाऊ लागला. लेफ्टनंटाने आपल्या माणसांचे उघडे पाय पाहायचे! वर्गभेदाने ग्रासलेल्या त्या सैन्यात ही केवढी उलथापालथ होती ह्याची कल्पना करावी.

रॉबर्ट ग्रेव्हजने 'गुड-बाय टू ऑल दॅट' (१९२९) ह्या आत्मकथनात तर असे मत मांडले की, हा आजार बहुतांशी मनोबलाचा प्रश्न होता. ज्या पलटणीला स्वतःची किंमत वाटते तिच्यात तो फारसा होत नाही. ग्रेव्हज अधिकारी होता हे येथे विसरू नये. अधिकाऱ्याच्या लेखणीत 'मनोबल' हा शब्द जबाबदारी खाली ढकलण्याच्या कामी फार लवकर येतो, आणि गार चिखलात रक्तवाहिन्या आकसतात त्या मनाला विचारून आकसत नाहीत. तथापि त्याच्या निरीक्षणात तथ्य आहे. जेथे पायांकडे कोणी पाहत होते तेथे पाय वाचले. हे बुटाने केले नाही.

दुसरा पुरावा अगदी वेगळ्या हवामानातला आहे. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिक भातखाचरांतून दिवसेंदिवस चालले. तेथे पाणी गरम होते, तरी पाय सुजले, कातडी सोलली, चालवेनासे झाले. ह्याला 'पॅडी फुट' असेही म्हटले गेले. त्या युद्धासाठी घडविलेल्या जंगलबुटाला तळव्याच्या कमानीजवळ मुद्दाम छिद्रे ठेवलेली होती आणि वरचा भाग लवकर वाळणाऱ्या नायलॉन कापडाचा होता. म्हणजे पाणी शिरणारच हे गृहीत धरून ते बाहेर कसे जाईल एवढेच पाहिले होते. सह्याद्रीत भर पावसात चालणाऱ्या मंडळींना हे सांगायला नको. ओढा गुडघ्यापर्यंत असेल तर महागड्या जलाभेद्य बुटाचा काठ घोट्यावर येऊन थांबतो आणि पुढचा दिवसभर आपण दोन तळी पायांत घेऊन हिंडतो.

ह्यावरून निवडीचे सूत्र हाती लागते. पाणी कोठून येणार, किती वेळ उभे राहायचे आणि किती चालायचे, हे आधी विचारावे. उभ्याने काम, पाणी खोल आणि घाणेरडे, अंतर थोडे, तेथे गमबुटाला पर्याय नाही. मात्र तो पायाच्या मापाचा हवा आणि रोज वेगळा मोजा हवा. लांबची चाल, गवतावरचे दव, थंडी, अधूनमधून पाऊस असेल तर तेल पाजलेले चांगले कातडे. अमेरिकेत मेन राज्यातल्या लिऑन बीन ह्याने १९१२मध्ये खाली रबर आणि वर कातडे असा शिकारी बूट काढला. पहिल्या शंभर जोडांपैकी नव्वद सांध्यावर उसवून परत आले, त्याने पैसे परत केले आणि जोड सुधारला. शिवण हाच जलाभेद्य बुटाचा शत्रू असल्याचा हा आणखी एक दाखला. त्यानंतरची मोठी उडी १९६९ची. बॉब गोर ह्याने टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटकन ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा मिळविला, ज्यातून वाफ जाते पण पाण्याचा थेंब जात नाही. १९७६पासून त्याची वस्त्रे बाजारात आली आणि पुढे बूटही. घामाला वाट आणि पाण्याला अटकाव हे कातड्याचे जुने व्रत पुन्हा साधले. अट एवढीच की, बाहेरचे कापड चिखलाने वा पाण्याने माखलेले नसावे, नाहीतर वाफेची वाट बुजते; म्हणून असे बूट साध्या पाण्याने व मऊ ब्रशने वारंवार धुवावेत, आणि वरचे पाणी मोत्यांसारखे घरंगळेनासे झाले की जलरोधक लेप पुन्हा द्यावा. ह्या पापुद्र्यांत आणि लेपांत वापरलेली फ्लोरीनयुक्त रसायने निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२५पासून वस्त्रांत त्यांच्या वापरावर बंदी आणली आहे, उत्पादकही अन्य पदार्थांकडे वळत आहेत. कोरड्या पायांची किंमत भलत्याच कोणी मोजायची, ही रीत अशी चालू आहे. रबराच्या बुटाची निगा त्या मानाने सोपी: उन्हात ठेवू नये, तेल-रॉकेल लागू देऊ नये, दुमडून ठेवू नये. त्यावर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नये, आतली द्रव्ये पृष्ठावर आलेली असतात, पुसली की जातात.

आता आपली खाचरे. भातलावणीच्या चिखलात गमबूट रुततो आणि पाय उपसताना मागेच राहतो. अनवाणी पाय निदान धुता येतो, संध्याकाळी चुलीशी वाळतो. तेव्हा शेतकऱ्याने बूट वापरला नाही ह्यात शहाणपणही होते, ते नाकारण्याचे कारण नाही. कोल्हापुरी पायताणही पाऊस लागण्यापूर्वी तेल पाजून आढ्याला टांगले जाई, कारण वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या त्या तळाला ओल मानवत नाही. पण शहाणपणाने सगळेच उलगडत नाही. कित्येक गावांत दलितांना सवर्णांच्या आळीतून जाताना पायताण काढून हातात घ्यावे लागे. ज्यांनी ते शिवले त्यांनाही. पायात काय असावे हे जेथे हवामानाइतकेच जातीने ठरते, तेथे भिजलेल्या पायाची चौकशी करणारा अधिकारी कोठून येणार? चिखल्यांवर हळद-तेल, मेंदी, भेगांवर कोकमाचे तेल, हे उपाय घरच्या बायकांनी शोधले आणि एकमेकींच्या पायांना लावले. खंदकातले जोडीदार जे करीत होते तेच हे, फक्त त्यामागे कोणाचा हुकूम नव्हता आणि त्याची कोठे नोंद झाली नाही.

नोंदी झाल्या तेथेही पायांत काय आले हे पाहावे. ऑक्टोबर १९६२मध्ये नामका चूच्या काठी, हिमालयातल्या थंडीत, आपल्या कित्येक जवानांच्या अंगावर सुती गणवेश आणि पायांत कॅनव्हासचे बूट होते. त्या ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ब्रिगेडियर जॉन दळवी ह्यांनी 'हिमालयन ब्लंडर'मध्ये ते लिहून ठेवले आहे. फ्लँडर्सनंतर ४८ वर्षांनी. मुंबईत २६ जुलै २००५ला सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. ह्या रोगाचे जंतू उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पायाच्या जखमांवाटे, भेगांवाटे शरीरात शिरतात. कोकणातल्या भातशेतीत हा रोग ओळखीचा आहे. गटारे आणि मैलाटाक्या साफ करणाऱ्यांसाठी २०१३चा कायदा व त्याचे नियम झाले; कोणती संरक्षक साधने मालकाने दिलीच पाहिजेत ह्याची लांबलचक यादी त्या नियमांत आहे, आणि तीत गमबूट नावानिशी आहेत. जाब कोणी कोणाला द्यायचा हेही तेथे लिहिले आहे. त्यानंतरही दर पावसाळ्यात रस्त्यावरच्या उघड्या झाकणाशी अनवाणी किंवा रबरी सपाता घातलेला माणूस दिसतो.

रबर आता आपल्याकडेही पिकते. केरळात विसाव्या शतकाच्या आरंभी मळे सुरू झाले. अलीकडच्या दशकांत केरळातून आलेल्या बागायतदारांनी सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरउतारांवर रबराच्या बागा उभ्या केल्या आहेत. चीक उजाडण्यापूर्वी वा उजाडता उजाडता काढावा लागतो, तेव्हा तो भरपूर वाहतो. पावसाळ्यात अडचण अशी की, खोडावरून ओघळणारे पाणी चिरेतून वाटीत उतरते आणि चीक वाया जातो. म्हणून मळ्यांमध्ये, जेथे पावसातही काम चालू ठेवायचे असते तेथे, चिरेच्या वर खोडाभोवती प्लॅस्टिकचा झगा गुंडाळतात आणि वरची कड डांबरासारख्या चिकट लेपाने बंद करतात, म्हणजे एक थेंबही आत जात नाही. हे काम पाऊस लागण्यापूर्वी, झाडागणिक, हातांनी करावे लागते.